मिलिंदाच्या शहरात ग्रीक शब्दांची धास्ती कशाला?

कन्नड, सिल्लोड, वैजापूर, गंगापूर भागातली मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात, अकरावी सायन्सला शहरात येतात आणि पहिल्या पंधरवड्यातच ओळखीचे शब्द त्यांच्या हातून निसटतात. कालपर्यंतच्या गुणसूत्राचं क्रोमोसोम झालेलं असतं, प्रकाशसंश्लेषणाचं फोटोसिंथेसिस. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेणाऱ्यांची गत वेगळी नाही. एपिस्टेमॉलॉजी, ऑन्टॉलॉजी, टेलिऑलॉजी ही नावं ऐकूनच वर्ग हबकतो. हुशार, कष्टाळू मुलं केवळ शब्दांना बिचकून मागे पडतात, कधी विषयच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ही धास्ती ज्या समजुतींवर उभी आहे, त्यांतल्या बहुतेक चुकीच्या आहेत.

आणि शहर कोणतं, तर छत्रपती संभाजीनगर. पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली इथे कॉलेज काढलं. त्याला नाव मिळालं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. पालीतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात तो भिक्खू नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारतो. या राजाची चांदीची नाणी आजही पाहायला मिळतात. एका बाजूला ग्रीक लिपीत ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत, प्राकृतात, ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. बासिलेओसला महाराज, सोतेरला त्राता. ग्रीक शब्दाला इथला शब्द शोधायचं काम दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी टाकसाळीत चालू होतं.

गैरसमज: हे शब्द आपल्याकडे कधी नव्हतेच

मराठवाड्यात विहीर खोदताना खडक लागला की सुरुंग लावतात. हा शब्द संस्कृतात ‘सुरुङ्गा’ असा सापडतो आणि तो ग्रीक ‘सिरिंक्स’वरून, म्हणजे नळी किंवा पोकळ वाट या अर्थाच्या शब्दावरून, घेतला असं अभ्यासक मानतात. डॉक्टरांच्या हातातली सिरिंज याच घराण्यातली. ज्योतिषातला होरा आणि भूमितीतलं केंद्र हे दोन्ही शब्दही यवनांच्या ज्योतिषाबरोबर संस्कृतात आले.

दुसरी वाट अरबी-फारसीची. बगदादच्या भाषांतरकारांनी ग्रीक वैद्यक आणि तत्त्वज्ञान अरबीत नेलं, तिथून काही शब्द फारसी-उर्दूबरोबर दख्खनेत उतरले आणि मराठीत इतके मुरले की कुणाला शंकाही येत नाही. ‘किमया’ आणि ‘केमिस्ट्री’ एकाच मुळाच्या. ‘अक्सीर इलाज’मधला अक्सीर हा ग्रीक ‘क्सेरिऑन’चा, म्हणजे कोरड्या भुकटीच्या औषधाचा, वंशज. किराणा दुकानातला ‘जिन्नस’ अरबी ‘जिन्स’वरून आला आणि त्याच्यामागे ग्रीक ‘गेनोस’ उभा आहे: कूळ, प्रकार. जीवशास्त्रातला ‘जीनस’ आणि १९०९ मध्ये योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने घडवलेला ‘जीन’ त्याच मुळाचे. आजी वाणसामानाची यादी सांगते आणि नातू जेनेटिक्स वाचतो, तेव्हा दोघांच्या तोंडी एकच जुना शब्द असतो.

गैरसमज: आधी ग्रीक भाषा शिका, नाहीतर पाठ करा

तिसरा मार्ग आहे आणि तोच चांगला आहे: शब्दांची कुटुंबं ओळखणं.

घाटीच्या, म्हणजे आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या सर्जरी वॉर्डात केसपेपरवर ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ असं लिहिलेलं दिसतं. नातेवाईक घाबरतो, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पाठ करतो. त्याचे तुकडे पाडा. ‘खोले’ म्हणजे पित्त, ‘किस्टिस’ म्हणजे पिशवी, ‘एक’ म्हणजे बाहेर, ‘तोमे’ म्हणजे कापणं. पित्ताची पिशवी कापून बाहेर काढणं. शस्त्रक्रियेचं अख्खं वर्णन एका शब्दात आलं.

आता यातला एकच तुकडा हातात धरा: तोमे. त्याच्या आधी नकारार्थी ‘अ’ लावला की ‘अ‍ॅटम’, जो कापता येत नाही तो. ‘अ‍ॅनाटॉमी’ म्हणजे चिरून उघडं करणं. तत्त्वज्ञानाच्या वर्गातली ‘डायकॉटॉमी’ म्हणजे दोन भागांत कापणं, द्विभाजन. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवतात, त्याचं इंग्रजी नाव ‘एन्टॉमॉलॉजी’. अ‍ॅरिस्टॉटलने किड्यांना ‘एन्तोमा’ म्हटलं होतं, कारण त्यांच्या शरीराला खाचा पडलेल्या असतात, जणू आत कापलेलं. भौतिकशास्त्र, वैद्यक, तत्त्वज्ञान आणि शेती अशा चार विद्याशाखा एका लहानशा शब्दाने जोडल्या गेल्या.

कापसावरच्या गुलाबी बोंडअळीने आपल्या शेतकऱ्यांचं किती नुकसान केलं ते सांगायला नको. तिचा पतंग ‘लेपिडॉप्टेरा’ गणातला. ‘लेपिस’ म्हणजे खवला, ‘प्तेरॉन’ म्हणजे पंख. पतंग हातात धरला की बोटांना जी पूड लागते ती पंखांवरच्या खवल्यांचीच. हाच पंख हेलिकॉप्टरला आहे. आपण त्याची फोड ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ अशी करतो. खरी फोड ‘हेलिको’ आणि ‘प्टर’, गरगरणारा पंख. असे शे-दोनशे तुकडे पक्के झाले की पुस्तकाच्या कुठल्याही पानावर अनोळखी शब्द फार थोडे उरतात. त्यासाठी ग्रीक व्याकरण लागत नाही. अल्फा, बीटा, थीटा, पाय ही अक्षरं तर गणिताच्या वहीत आधीच येऊन बसलेली आहेत.

गैरसमज: मराठी माध्यमाच्या मुलांना याचे उच्चार आणि स्पेलिंग जमत नाहीत

उलट, त्यांच्याकडे एक हत्यार आहे आणि ते कुणी त्यांना दाखवतच नाही. प्राचीन अथेन्समध्ये फाय, थीटा आणि काय या तीन अक्षरांचे उच्चार आपल्या फ, थ, ख यांच्यासारखे महाप्राण होते, फळातला फ, थाळीतला थ, खडूतला ख. रोमन लिपीत महाप्राणाला स्वतंत्र अक्षर नव्हतं, म्हणून रोमन लोकांनी पी, टी, सी यांना एच जोडून काम चालवलं. इंग्रजीत पुढे उच्चार बदलले, स्पेलिंग तसंच राहिलं. बाराखडी येणाऱ्या मुलाला ही गोष्ट फळ्यावर एकदा दाखवली की पुरते. मग फ ऐकू आला पण लिहिताना पी-एच, क ऐकू आला पण लिहिताना सी-एच, शब्दाच्या मध्ये वाय, सायकॉलॉजी आणि न्यूमोनियाच्या आरंभी न उच्चारला जाणारा पी, अशा ठिकाणी तो शब्द बहुधा ग्रीक आहे हे तो स्वतः ओळखतो.

नकाराचं पाहा. मराठीत आपण अधर्म म्हणतो, पण आदर शब्दाला नकार जोडताना अनादर. पुढे स्वर आला की ‘अ’चा ‘अन्’ होतो. ग्रीकमध्ये हाच नियम आहे. अ‍ॅटममध्ये नुसता अ, अ‍ॅनिमियात अन्. अ‍ॅनॉनिमस आणि अनामिक हे तर सख्ख्या चुलत्यांची मुलं शोभतील असे शब्द: दोन्हींत तोच नकार, तेच नाम.

आणखी एक जोडी जिवाशी खेळणारी आहे. हायपर आणि हायपो. एक आपल्या ‘उपरि’चा भाऊ, दुसरा ‘उप’चा. उपरि म्हणजे वर, उप म्हणजे खाली किंवा जवळ. हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर वाढलेली, हायपोग्लायसेमिया म्हणजे घटलेली. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध. नर्सिंगच्या मुलींना हा फरक समजावताना ‘उपरि म्हणजे वर’ एवढं सांगितलं तर पुन्हा घोळ होत नाही.

गैरसमज: ग्रीक संस्कृतातूनच निघाली, मग वेगळं शिकायचं काय?

मोबाइलवर अशा शब्दयाद्या रोज फिरतात. त्यांतली काही साम्यं खरी असतात, निष्कर्ष चुकीचा असतो. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं मांडलं तेव्हा तिन्ही एका, कदाचित आता न उरलेल्या, उगमातून आल्या असाव्यात असं म्हटलं. म्हणजे या बहिणी आहेत, आई-मुलगी नव्हेत. (या जोन्स यांचे वडील, त्यांचंही नाव विल्यम जोन्सच, गणिती होते; वर्तुळाच्या परीघ-व्यासाच्या गुणोत्तराला पाय हे ग्रीक अक्षर १७०६ मध्ये त्यांनीच प्रथम वापरलं.)

नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबणाऱ्याची फसगत होते. ‘थेऑस’ म्हणजे ईश्वर, म्हणून तो ‘देव’ असं सगळ्यांना वाटतं, पण त्यांचा संबंध नाही. आपल्या देव आणि द्यौः या शब्दांचा ग्रीक नातलग झ्यूस आहे. होमोजीनियसमधला ‘होमो’ ग्रीक, अर्थ ‘सम’. होमो सेपियन्समधला ‘होमो’ लॅटिन, अर्थ ‘माणूस’. देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झाली, हेही लक्षात ठेवावं. त्रिकोणमितीतला ‘साइन’ आपल्या ‘ज्या’, ‘जीवा’ या शब्दांपासून अरबीत गेला, तिथे तो चुकीचा वाचला गेला आणि लॅटिनमध्ये भलत्याच अर्थाने उतरला.

गैरसमज: फोड कळली की अर्थ कळला

इतका वेळ मी फोडच शिकवत होतो, म्हणून इथे जास्त थांबायला हवं. तुकडे ओळखायला शिकलेला विद्यार्थी ज्या खड्ड्यात पडतो तो हाच.

ऑर्थोपेडिकमध्ये ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ. आणि ‘पेडिक’? बहुतेकांना पाय आठवतो. तो शब्द ‘पाइस’ म्हणजे मूल यावरून आला आहे. निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये मुलांच्या शरीरातलं व्यंग टाळण्याविषयी पुस्तक लिहिलं आणि त्यासाठी हे नाव घडवलं. आज कुठल्याही अस्थिरोग ओपीडीत गुडघे धरून बसलेले आजी-आजोबा पाहा, म्हणजे शब्द आणि व्यवहार यांच्यातलं अंतर दिसेल.

ऑक्सिजनचा अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’. सगळ्या आम्लांत हा वायू असतो असं लव्हाझिएला वाटलं, म्हणून त्याने ते नाव दिलं. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही हे पुढे हम्फ्री डेव्हीने दाखवलं. समजूत गेली, नाव राहिलं. अणू फुटला तरी त्याला ‘न कापता येणारा’ असंच म्हटलं जातं. ‘मेटाफिजिक्स’ म्हणजे भौतिकाच्या पलीकडचं, गूढ काहीतरी, असं विद्यार्थी लिहितात. मूळ शब्दाचा अर्थ ‘फिजिक्सनंतरचे ग्रंथ’ एवढाच. अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ लावताना जे ‘फिजिक्स’च्या मागे ठेवले गेले त्यांना ते नाव पडलं असं मानलं जातं, आणि हे काम इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या आंद्रोनिकसकडे दिलं जातं. त्या ग्रंथांत अस्तित्व, द्रव्य, कारण यांचा काटेकोर विचार आहे.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण ‘हायपोथेसिस’चं. हायपो म्हणजे उप, थेसिस म्हणजे ठेवणं. हा धातू आपल्या ‘धा’चा भाऊ, जो विधान, निधान यांत आहे. तुकड्याला तुकडा जुळवला तर संस्कृतात शब्द तयार होतो ‘उपधान’. आणि संस्कृतात उपधान म्हणजे उशी, डोक्याखाली ठेवायची! तेच घटक, तोच क्रम. एका भाषेत विज्ञानाचं गृहीतक झालं, दुसरीत उशी.

‘मिलिंदपञ्हा’तला रथाचा प्रसंग या ठिकाणी उपयोगी पडतो. आपण रथातून आलो असं राजा सांगतो. नागसेन विचारतात, आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, लगाम, सांगाडा म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी त्यालाच कबूल करावं लागतं की या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ ही संज्ञा व्यवहारात चालते, एवढंच. पारिभाषिक शब्दाचंही तसंच आहे. तुकड्यांवरून तो लक्षात राहतो, दुसऱ्या शब्दांशी जोडता येतो. त्याचा अर्थ मात्र त्या शास्त्राने केलेल्या व्याख्येत असतो. व्याख्या न वाचता नुसत्या व्युत्पत्तीवर उत्तर लिहिणारा विद्यार्थी आस दाखवून रथ म्हणतो.

तत्त्वज्ञानात याचा फटका जास्त बसतो, कारण तिथे शब्द ओळखीचे वाटतात. ‘आयडियालिझम’ घ्या. प्लेटोची ‘इदेआ’ म्हणजे मनातली कल्पना नव्हे आणि जीवनातला आदर्शही नव्हे. ते वस्तूंचं शाश्वत रूप आहे. पुढच्या युरोपीय तत्त्वज्ञानात या नावाखाली ‘जे आहे ते मुळात चैतन्यरूप किंवा मनावर अवलंबून आहे’ अशी मतं आली. मराठीत त्याला चिद्वाद हा नेमका शब्द आहे. आदर्शवाद म्हटलं की विद्यार्थी थोर पुरुषांच्या ध्येयनिष्ठेवर दोन पानं लिहून मोकळा होतो.

गैरसमज: हे सगळे शब्द सॉक्रेटिसच्या तोंडचे

फार थोडे. एपिस्टेमॉलॉजी हा शब्द इंग्रजीत रूढ केला जेम्स फेरियर या स्कॉटिश तत्त्वज्ञाने, १८५४ मध्ये. एस्थेटिक्सला विद्याशाखेचं नाव म्हणून जर्मन बाउमगार्टेनने १७३५ मध्ये आणलं. इकॉलॉजी १८६६ मधली, हेकेलची. आयसोटोपची गोष्ट तर जेवणाच्या टेबलावरची आहे. ग्लासगोत फ्रेडरिक सॉडी आवर्तसारणीत एकाच जागी बसणाऱ्या, पण वस्तुमान वेगळं असणाऱ्या अणूंविषयी सांगत होता. मार्गारेट टॉड या डॉक्टर आणि कादंबरीकार बाईंनी ‘आयसोस टोपोस’, तीच जागा, हे नाव सुचवलं. सॉडीने ते १९१३ मध्ये छापलं. म्हणजे हे शब्द मुख्यतः युरोपातल्या अलीकडच्या लोकांनी ग्रीक साहित्य वापरून बनवले. आपण संस्कृतातून ‘संगणक’ आणि ‘दूरदर्शन’ बनवलं, तोच उद्योग.

गैरसमज: ग्रीक आणि मराठी यांपैकी एकच शब्द शिकावा

हा वाद या शहराला नवा नाही. मौलवी अब्दुल हक सचिव असताना अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं ठाणं कित्येक वर्षं इथेच होतं. १९२१ मध्ये ‘उर्दू’ हे त्रैमासिक इथून निघू लागलं, आणि पारिभाषिक शब्द कसे घडवावेत यावरचं वहीदुद्दीन सलीम यांचं पुस्तक याच अंजुमनने काढलं. तिकडे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान आणि वैद्यक उर्दूतून शिकवलं जात होतं. देशी भाषेत शास्त्र चालत नाही असं म्हणणाऱ्यांनी निजामाच्या राज्यातला हा प्रयोग जरूर पाहावा. मराठीत दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ १९७४ पासून आहे, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. ते कपाटात राहतात, हे आपलं दुर्दैव.

पण नुसत्या मराठी शब्दावर भागत नाही. मराठीत अणू म्हणजे अ‍ॅटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत अ‍ॅटमला परमाणु आणि मॉलिक्यूलला अणु म्हणतात. स्पर्धा परीक्षेसाठी हिंदी पुस्तक हाती घेतलेला मराठी मुलगा इथे हमखास चुकतो. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, त्यानंतरचं एमबीबीएस इंग्रजीतून असतं.

अ‍ॅनोड आणि कॅथोड ही नावं १८३४ मध्ये विल्यम ह्युएल यांनी मायकेल फॅरडेला सुचवली. ‘होदोस’ म्हणजे वाट. एक वर जाणारी, एक खाली जाणारी. विद्युतप्रवाह नेमका काय आहे याविषयी कुठलंही गृहीत न धरणारी नावं फॅरडेला हवी होती, म्हणून त्यांत धन-ऋणाचा उल्लेख नाही. मराठीत आपण धनाग्र आणि ऋणाग्र म्हणतो. विद्युत अपघटनात ते चपखल बसतात, तिथे अ‍ॅनोड धनच असतो. टॉर्चच्या सेलमध्ये मात्र जस्ताचं भांडं हे ऋण टोक आहे, आणि रसायनशास्त्राच्या भाषेत तेच अ‍ॅनोड आहे, कारण तिथे जस्त इलेक्ट्रॉन सोडतं. धनाग्र म्हणजे अ‍ॅनोड एवढं पाठ केलेल्या मुलाला इथे पुस्तक चुकलं की आपण चुकलो हे कळेनासं होतं. अशा वेळी टोकावरची खूण बाजूला ठेवावी आणि ऑक्सिडीकरण कुठे होतंय ते पाहावं. जिथे ते होतं, तिथे अ‍ॅनोड लिहावं.